12 एएच म्हणून घेतली, 2 एएच निघाली

फवारणी पंपाची लिथियम बॅटरी आठवडी बाजारातून घेऊ नका. मी घेतली, 12 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). 1,850 ठरले, जुन्या बॅटरीचे 250 वजा, 1,600 नगद मोजले. "यूपीआय नको भाऊ, रेंज नाय इथं." आणि मी त्याच जागेवरून घरी फोन लावून बोललो होतो! आयटीआयचा वायरमन मी, लाज त्याचीच जास्त.

जुनी शिशाची बॅटरी अडीच किलोची. ही तळहातावर मावली. म्हटलं, एवढी हलकी? "लिथियम हाय भाऊ, हलकीच रायते." हे खोटं नाही, म्हणूनच गळाला लागलो. पण 12 एएचला आत निदान 12 छोटे सेल लागतात, एक सेल 45 ग्रॅमच्या आसपास. अर्धा किलो तरी भरायलाच हवी. हा हिशेब मला येतो. केला नाही. पऱ्हाटीवर तुडतुडे चढले होते, डोकं वावरात होतं.

पाचवी टाकी फवारताना बॅटरी संपली. पुढच्या बाजारी विकणारा म्हणाला, "चार्जर खराब असन." मग घरीच मोजली. फुल चार्ज करून, ठरावीक करंट खेचून ती रिकामी करायला 10 ओमचा रेझिस्टर लावला. आधी 5 वॅटचा लावला, दोन मिनिटांत जळका वास. 12 व्होल्टला 14 वॅटच्या वर उष्णता निघते, तो कसा टिकणार? मग 90 रुपयांचा 50 वॅटचा आणून फुटक्या तव्यावर स्क्रूने कसला, अंगणात फरशीवर ठेवला. मीटर घेऊन शेजारी बसा, लावून झोपू नका. एकामागे एक तीन सेलच्या जोडणीत 9 व्होल्टला (सेलमागे 3) रेझिस्टर काढायचा. साधारण 1.1 अँपिअरने 12 एएच दहा-अकरा तास चालायला हवी होती. 1 तास 55 मिनिटांत 9 वर आली, म्हणजे जेमतेम 2 एएच.

खोलली. सहा सेल, त्यातले तीनच जोडलेले, टोकांवर जुन्या वेल्डिंगचे डाग, म्हणजे सेल वापरलेलेच. उरलेल्या जागेत थर्माकोल.

पोलीस ठाण्यात गेलो. "सोळाशेसाठी कागद काळा करू का?" तिथून एका कार्यालयात धाडलं, ते म्हणे पक्कं बिल आणा. दुसरे म्हणे, अनुदानातला पंप असता तर पाहिलं असतं. बाजाराचा ठेकेदार म्हणतो, मी जागेची पावती फाडतो, नाव लिहीत नाही. तीन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचे 180 वेगळे, आणि एकानेही बॅटरी हातात घेऊन पाहिली नाही!

दुकानातूनच घ्या, पक्कं बिल घ्या, आधी काट्यावर ठेवा. जुनी बॅटरी तर लगेच देऊच नका.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात, चार्जर भेटला का.