जुन्या गाडीचा हीटर: आहे तोच दुरुस्त करावा की नवा बसवावा?

नोव्हेंबर लागला की बर्मिंगहॅमच्या आसपास राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींतले जुन्या गाड्यांचे वेडे फोन करू लागतात. प्रश्न ठरलेला: "हीटर गार हवा मारतोय, कुठला नवा घेऊ?" मी उलट विचारतो, "पाय गारठतात, की काचेवर वाफ धरते?"

पाय गारठत असतील तर लोकरी मोजे आहेत, मांडीवर टाकायला गोधडी आहे. काचेवर वाफ धरली तर मात्र गाडी उभी करावी लागते. ब्रिटनच्या हायवे कोडचा २२९ वा नियमही हेच सांगतो: बर्फ काढा, काचा स्वच्छ करा, मगच निघा. म्हणून खालच्या चारही पर्यायांना मी एकच कसोटी लावली आहे. पावसाळी थंडीत, दोन माणसं बसलेली असताना, समोरची काच कोण मोकळी ठेवतो? उदाहरण म्हणून माझी एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतो. हिचं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन म्हणजे आपल्या अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाचा थोरला भाऊ, त्यामुळे बॉनेट उघडलं की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

खिसा सैल करण्याआधी

गाडी पंधरा मिनिटं चालवा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, आणि बॉनेट उघडून हीटरला जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही रबरी नळ्यांना हात लावून बघा. पंखा आणि पट्टा चुकवून, सांभाळून.

दोन्ही नळ्या चटका देत असतील तर पाण्याची बाजू ठीक आहे, घोळ हवेच्या बाजूला आहे. एक गरम आणि एक गार असेल तर हीटरला गरम पाणी सोडणारा वॉल्व्ह उघडत नाही, हीटरमधली जाळी (गरम पाणी फिरतं तो छोटा रेडिएटर) चोंदली आहे किंवा पाण्यात हवा अडकली आहे. दोन्ही कोमट असतील तर हीटरला हातच लावू नका, थर्मोस्टॅट बघा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.

हे शेवटचं मी पैसे मोजून शिकलो. गाडी घेतली त्या वर्षी एका वर्कशॉपने मला हीटरची नवी जाळी बसवून दिली, भरपूर मजुरी लावली, आणि हवा होती तशीच कोमट. पुढे मी स्वतः थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता! आधीच्या कुणा मालकाने तो काढून टाकलेला. आपल्याकडे ही पद्धत सर्रास आहे. मे महिन्यात घाटात गाडी तापली की मिस्त्री म्हणणार, "वॉल (म्हणजे थर्मोस्टॅटच) काढून टाकू, साहेब." तिकडे ते खपून जातं. इथे हिवाळ्यात थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नीट तापतच नाही, मग हीटर गरमी आणणार कुठून? एमजीबीला ७४, ८२ आणि ८८ अंश सेल्सिअसचे थर्मोस्टॅट मिळतात. ८२ चा नेहमीचा. गाडी हिवाळाभर फिरवणार असाल तर ८८ चा लावा. दोघांच्या जेवणाच्या बिलाहून स्वस्तात हे काम होतं, आणि निम्मे फोन इथेच संपतात.

पहिला पर्याय: मूळ हीटर दुरुस्त करणं

माझा कल इकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण मूळपणाचं कौतुक नव्हे, हवेचा मार्ग आहे. एमजीबीचा हीटर समोरच्या काचेपुढच्या झरोक्यातून बाहेरची हवा आत घेतो, तापवतो आणि काचेखालच्या फटींतून वर सोडतो. बाहेर पाऊस असताना बाहेरचीच हवा घेऊन काच कशी सुकते, असं कुणीही विचारेल. ५ अंशांची हवा घनमीटरला फार तर ७ ग्रॅम बाष्प धरते. तीच २५ अंशांपर्यंत तापवली की २३ ग्रॅमपर्यंत धरू शकते. म्हणजे तापवलेली बाहेरची हवा तहानलेली असते, काचेवरचं पाणी पिऊन टाकते. उलट गाडीतलीच हवा फिरवणारा हीटर तुमच्याच श्वासातली वाफ पुन्हा काचेवर आणून ठेवतो. सुरुवातीच्या मॉरिस मायनर गाड्यांतला गोल हीटर याच जातीचा. पाय छान शेकतो, काचेचं विचारू नका.

आता दुरुस्ती. बऱ्याचदा जाळी शाबूत असते आणि कुजलेला असतो फोम. हीटरची पेटी आणि जाळी यांच्यामधल्या फटी बुजवायला फोमच्या पट्ट्या असतात. पन्नास वर्षांत त्यांचा भुगा होतो, हवा जाळीतून जायच्याऐवजी बाजूने पळते, आणि पंखा लावला की काळे कण तोंडावर उडतात. काचेकडे जाणाऱ्या नळ्या डॅशबोर्डामागे निसटून पडलेल्या असतात, ते वेगळंच. ज्यात पाणी शिरत नाही असा बंद पेशींचा फोम आणून नव्या पट्ट्या चिकटवल्या की तोच हीटर नव्यासारखा चालतो.

जाळी चोंदली असेल तर ती बाहेर काढून बागेतल्या पाइपाने उलट्या दिशेने पाणी सोडा. आधी तपकिरी गाळ येईल, मग स्वच्छ पाणी. गळत असेल तर रेडिएटरवाला पितळी जाळीला डाग देऊन देतो किंवा आतला गाभा बदलतो. गळती थांबवणारी जी पूड पाण्यात टाकायला सांगतात ती टाकू नका. ती सर्वांत बारीक वाट आधी बुजवते, आणि सर्वांत बारीक वाट हीटरचीच असते.

वॉल्व्ह सिलिंडर हेडवर बसतो आणि केबलने उघडतो. केबल गंजून अडकली असेल तर नॉब फिरतो, वॉल्व्ह ढिम्म. नवा वॉल्व्ह बसवाल तेव्हा खालचं पॅकिंगही नवं घ्या.

अडचण एकच, पण मोठी: पेटी बाहेर काढणं. ती इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) कोनाड्यात अशी रुतलेली असते, की कारखान्यात आधी हीटर ठेवून भोवती गाडी बांधली असावी. समोरचे स्क्रू सुटतात, केबली सुटतात, तरी पेटी हलत नाही, कारण जुना फोम डिंकासारखा चिकटलेला. डोलवत, हलवत, शिव्या देत ती वर येते. माझा पूर्ण शनिवार गेला. बोटांची सालं गेली ती रविवारी मोजली.

दुसरा पर्याय: पाण्यावर चालणारा नवा, सगळ्या गाड्यांना चालणारा हीटर

गाडीला मुळात हीटरच नसेल तर हाच मार्ग. सुरुवातीच्या एमजीबींना हीटर वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे, त्यामुळे बिनहीटरच्या गाड्याही सापडतात. अशा इंजिनाच्या हेडवर वॉल्व्हच्या जागी एक चपटी पट्टी बोल्टने बसवलेली दिसेल. ती काढून वॉल्व्ह लावायचा, परतीचं पाणी पंपाच्या ओढीच्या बाजूला, म्हणजे रेडिएटरच्या खालच्या नळीत सोडायचं. फायरवॉलला भोकं पाडाल तिथे रबरी ग्रोमेट घाला, नाहीतर पत्र्याची धार नळी कापेल आणि गरम पाणी पायावर येईल.

ताकदीत नवे हीटर मूळ हीटरला हरवतात. दोन-तीन किलोवॅट उष्णता सहज, पंखा शांत, दोन-तीन वेगांचा. पण बहुतेक गाडीतलीच हवा फिरवतात, म्हणजे पुन्हा त्या गोल हीटरचीच गोष्ट. घ्यायचाच तर काचेकडे नळ्या नेण्यासाठी तोंडं असलेला घ्या, आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची सवय लावा. नळीचा व्यासही तपासा: बऱ्याच नव्यांचा १६ मिलिमीटर, एमजीबीचा अर्धा इंच. मध्ये जोड लागेल.

१९६७ च्या आधीची एमजीबी असेल तर आणखी एक गोष्ट. तिची बॅटरी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. साध्या पंख्याच्या दोन्ही तारा बॉडीपासून मोकळ्या असतील तर उलट्या जोडून काम भागतं. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असेल तर नाही.

तिसरा: १२ व्होल्टचा विजेचा हीटर

सिगारेट लायटरच्या खाचेत घालायचा, दिसायला गोंडस. हिशोब करून बघा. १५० वॅटचा हीटर १२.५ अँपिअर ओढतो. जुन्या एमजीबीचा लुकास डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून १० च्या आसपास, इग्निशन आणि वायपरचे पाच-सहा. उरले किती? आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर असलेल्या गाडीत थोडं निभावतं, पण १५० वॅट म्हणजे पाण्याच्या हीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. काचेच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढी खिडकी पडते. मी घेतलेला आता घरात कपाटावर आहे.

चौथा: डिझेलवर जळणारा

सध्या याचीच हवा आहे. चिनी बनावटीचे शंभर पौंडांच्या आसपास मिळतात, एबरस्पॅखर किंवा वेबास्टो या जर्मन कंपन्यांचा घेतला तर त्याच्या कित्येक पट. हा इंजिनावर अवलंबून नसतो, गाडी सुरू करण्याआधीच केबिन तापवतो. २ किलोवॅटच्या हीटरला तासाला पाव लिटरपर्यंत डिझेल पुरतं. व्हॅनमध्ये झोपणाऱ्यांना तर वरदान.

पेट्रोलच्या जुन्या गाडीत मात्र डिझेलची वेगळी टाकी ठेवावी लागते, आणि एमजीबीच्या डिकीच्या तळाखालीच पेट्रोलची टाकी असते. म्हणजे या हीटरचा तापलेला धुराडा कुठून न्यायचा? डिकीत भोक पाडायचा विचारही करू नका. सुरू होताना त्याचा डिझेल पेटवणारा ग्लो प्लग आठ-दहा अँपिअर खातो आणि बंद करताना तो स्वतःला निववत बसतो. मध्येच बॅटरीचा स्विच तोडला तर आतले भाग करपतात. बसवलाच तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय एक दिवसही वापरू नका. या वायूला वास नसतो.

फोक्सवॅगन बीटलसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाडीत पहिले दोन पर्याय नाहीतच, कारण पाणीच नाही. तिथे सायलेन्सरच्या पाइपांभोवतीच्या पेट्यांतून ऊब येते. त्या पेट्या गंजल्या असतील तर डाग देत बसू नका, नव्याच घ्या. अलार्म तिथेही हवाच.

काम कधी काढायचं

मे महिन्यात. डिसेंबरात गार पान्हा हातात धरवत नाही, आणि पेटी बाहेर असताना गाडी अडकून पडते. पेटी निघालीच आहे तर त्या कोनाड्याच्या तळाची पाणी वाहून जायची रबरी नळीही मोकळी करा. तीत पानं कोंबलेली असतात. ती तुंबली की पावसाचं पाणी पायाशी येतं आणि तळाचा पत्रा कुजतो.

परत पाणी भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटरचा वॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि परतीची नळी सर्वांत वर असेल तिथे क्लिप ढिली करून बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू ओता. मग पंधरा मिनिटं फिरवून पुन्हा दोन्ही नळ्यांना हात लावा.