क्रूझच्या आधी व्हेनिस: मुक्काम मेस्त्रेत की बेटावर?

क्रूझचं बुकिंग झालं की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. बोटीत चढण्याआधी व्हेनिससाठी दोनेक दिवस ठेवले, तर खोली कुठे घ्यायची? पुलाच्या अलीकडे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत, की पाण्यातल्या जुन्या शहरात? आम्ही दोन्हीकडे राहून पाहिलं आहे, दोन्ही वेळा आईबाबा बरोबर होते. इथे काय बघायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. खरा घोळ मुक्कामाचाच होतो, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

सगळ्यात आधी तिकिटावरचं बंदराचं नाव नीट वाचा. १ ऑगस्ट २०२१पासून मोठ्या क्रूझ बोटींना सान मार्को या मुख्य चौकाच्या समोरून आणि ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ म्हणून विकली जाणारी सफर प्रत्यक्षात मेस्त्रेशेजारच्या मार्गेरा बंदरातून सुटते, कधी राव्हेन्नाहून, तर कधी त्रिएस्तेहून. राव्हेन्ना बसने दोन-अडीच तासांवर आहे आणि त्रिएस्तेला रेल्वेने साधारण दोन तास लागतात. लहान बोटी अजूनही शहरातल्या धक्क्यांना लागतात. खाली जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं या एका नावावर अवलंबून आहे.

आता मेस्त्रे. या गावाबद्दल प्रवासी मंडळी नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. खोली ऐसपैस मिळते, लिफ्ट असते, आणि भाडं बेटावरच्या तुलनेत बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास असतं. स्टेशनसमोरच उतरलात तर बॅगा ओढण्याचा प्रश्नच येत नाही. सांता लुचियाला, म्हणजे जुन्या शहरातल्या रेल्वे स्टेशनला, जाणाऱ्या गाड्या सतत असतात आणि दहा-बारा मिनिटांत पोचवतात. मेस्त्रे व्हेनिसच्याच नगरपालिकेत मोडतं. त्यामुळे २०२४पासून दिवसभरासाठी येणाऱ्यांवर ठरावीक तारखांना जो प्रवेशकर लावतात, तो इथं मुक्काम करणाऱ्यांना भरावा लागत नाही. फक्त सूट आहे अशी ऑनलाइन नोंद करून ठेवायची. पादुआत किंवा दुसऱ्या कुठल्या गावात राहिलात तर ही सवलत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना आवडेल. मार्गेराच्या गोदीत क्रूझ बोटी बांधतात आणि तिथल्या कामावर बांगलादेशी कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांची कुटुंबं मेस्त्रेत स्थिरावली आहेत. स्टेशनच्या आसपासच्या गल्ल्यांत तांदूळ, मसूर, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, सगळं मिळतं. बाबांना दोन दिवसांच्या पास्त्यानंतर तिथं डाळभात मिळाला, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

मग अडलं कुठे? दुपारी.

व्हेनिसमध्ये गाडी नाही, रिक्षा नाही. माणूस सकाळपासून चालतच असतो आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक पूल चढतो-उतरतो. आम्ही सकाळी दोजेचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाचा, राजवाडा पाहिला. १५७७च्या आगीनंतर तिथल्या मोठ्या सभागृहात तिंतोरेत्तो या चित्रकाराने आणि त्याच्या हाताखालच्यांनी अख्खी भिंत व्यापणारं ‘पॅराडाइज’ रंगवलं. बावीस मीटर रुंद चित्र, शेकडो आकृत्या. आई त्याच्यासमोर मान वर करून कितीतरी वेळ उभी होती. बाहेर आलो तेव्हा एक वाजून गेला होता, ऊन तापलेलं, आणि ती एवढंच म्हणाली, “अरे, तासभर पाठ टेकायला मिळाली असती तर बरं झालं असतं.”

तिथं पाठ टेकायची सोय नाही. सान मार्को चौकात पायऱ्यांवर किंवा जमिनीवर बसायला मनाई आहे, दंड होतो. चौकातल्या कॅफेत बसलं तर कॉफीच्या वर वादकांचे पैसे वेगळे लावतात, आणि कितीही पैसे दिले तरी खुर्चीत आडवं होता येत नाही. जवळच जार्दिनी रेआली नावाची छोटी बाग आहे, २०१९मध्ये नीटनेटकी करून पुन्हा उघडलेली. तिथं बाकं आहेत, पण भर दुपारी रिकामं बाक मिळणं मुश्कील. परत खोलीवर जावं म्हटलं तर आधी वापोरेत्तो (शहरातली प्रवासी बोट), मग स्टेशन, मग गाडी, मग मेस्त्रेतली चाल. असा सव्वा तास जाणार आणि तेवढाच परत यायला. कोण जाईल? कोणीच जात नाही. मग दिवस रेटायचा. संध्याकाळी पाचला सगळ्यांचे पाय बोलायला लागतात आणि जेमतेम जेवून मंडळी गाडी पकडतात. रात्री बाराच्या पुढे गाड्या विरळ होतात ही धाकधूक असतेच, पण खरं सांगायचं तर आमच्यावर तेवढं थांबायची वेळच आली नाही.

वामकुक्षी ज्यांना लागत नाही त्यांना हे सगळं क्षुल्लक वाटेल, आणि पंचविशीतल्या मंडळींना मी मेस्त्रेच सुचवेन. पण क्रूझला निघणाऱ्या आपल्या कुटुंबांत साठीच्या पुढचं कोणीतरी असतंच. शिवाय विमानप्रवासाचा शीण अंगात असतो. आमच्यापुरता फैसला या एका दुपारच्या विश्रांतीने केला.

बेटावर राहण्याची अडचणही तितकीच खरी आहे, आणि ती म्हणजे सामान. क्रूझचं सामान म्हणजे माणशी एक मोठी बॅग धरा. व्हेनिसचे पूल पायऱ्यांचे असतात. तिथले माल पोचवणारे लोक ज्या हातगाड्या वापरतात त्यांना पुढे दोन छोटी चाकं बाहेर काढलेली असतात. गाडी मागे कलवायची, छोटी चाकं वरच्या पायरीवर टेकवायची, मग मोठी चाकं वर घ्यायची, असं एकेक पायरी करत माणूस पेट्यांचा ढीग पलीकडे नेतो. मी एका पुलाच्या कडेला उभं राहून हे बराच वेळ पाहिलं. आपल्या बॅगेला अशी सोय नसते. ती उचलावीच लागते, आणि पुलामागून पूल आले की हात भरून येतात.

यावर आम्हाला लागू पडलेला उपाय असा. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे वळलं की लिस्ता दी स्पान्या हा रस्ता लागतो. तिथून पुढे गुलिये पुलापर्यंत एकही पूल नाही, सगळी सपाट फरसबंदी. गुलियेच्या अलीकडे, म्हणजे स्टेशनच्या बाजूला खोली घ्यायची. हा भाग कान्नारेजो या वस्तीत येतो. रस्ता पर्यटकी दुकानांचा आहे, देखणा मुळीच नाही, पण बॅग चाकांवरच राहते. विमानतळावरून बसने आलात तर ती पियाझ्झाले रोमा या बसच्या शेवटच्या थांब्याला सोडते. तिथून वापोरेत्तोने एक थांबा पुढे, स्टेशनच्या धक्क्याला उतरायचं. कालात्राव्हा या वास्तुविशारदाचा काचेच्या पायऱ्यांचा पूल जवळ दिसतो, पण बॅगा घेऊन त्याच्या वाटेला जाऊ नका, पावसात तर नकोच.

इथून सान मार्को जवळ आहे असं नाही. पायी अर्धा तास, बोटीने साधारण तेवढाच. पण तो एकाच टप्प्यात होतो, आणि उतरल्यावर खोली हाकेच्या अंतरावर असते. आम्ही एकला परतायचो, झोपायचो, चारला चहा घेऊन पुन्हा निघायचो. आणि मग जे व्हेनिस दिसतं ते मेस्त्रेहून येणाऱ्याला क्वचितच दिसतं. दिवसाची गर्दी सहानंतर ओसरायला लागते. १५१६मध्ये ज्यूंसाठी वेगळी काढलेली घेट्टोची वसाहत गुलियेच्या पलीकडे लगेच आहे. संध्याकाळी तिथल्या चौकात मुलं चेंडू खेळत होती आणि आईला तिथं बाक मिळालं. पुढे मिझेरिकोर्दियाच्या काठावर लोक पाण्याकडेला उभे राहून खात-पीत असतात. त्याच्याही थोडं पलीकडे मादोन्ना देल्लोर्तो हे विटांचं चर्च आहे. तिंतोरेत्तोला तिथंच पुरलं आहे आणि त्याची प्रचंड चित्रं आत जागच्या जागी आहेत. राजवाड्यातल्या रेटारेटीनंतर तीच चित्रकारी शांतपणे पाहायला मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

सकाळ तर वेगळीच. रिआल्तोच्या मासळीबाजारात लवकर पोचलं की बर्फाच्या पेट्या उतरवणं चाललेलं दिसतं. रविवारी आणि सोमवारी मासळी नसते, तेवढं बघून जा.

पैशांचं म्हणाल तर बेटावर जास्त जातात, यात वाद नाही. नाश्ता साधा आणि खोली लहान. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, म्हणून बुकिंग करताना तेवढं लिहून विचारा. आमच्या खोलीच्या माहितीत ‘पहिला मजला’ म्हटलं होतं आणि प्रत्यक्षात दोन जिने निघाले.

बोट राव्हेन्नाहून असेल आणि बस किंवा गाडी सकाळीच पकडायची असेल, तर शेवटची एक रात्र मेस्त्रेत काढणं सोयीचं, असं मलाही वाटतं. मार्गेराहून असेल तर पियाझ्झाले रोमाहून टॅक्सी मिळते, तेव्हा बेट सोडायचं कारण नाही. त्रिएस्तेच्या गाड्या सांता लुचियाहूनच सुटतात. क्रूझ कंपनी स्वतःची बस देत असेल तर ती नेमकी कुठून निघते हे आधी विचारून घ्या आणि मगच खोली ठरवा. दोनच रात्री असतील आणि घरचं कोणी दुपारी आडवं होणारं असेल, तर मी गुलियेच्या अलीकडेच बघेन.