काट्यावरच्या संगणकासाठी डायलॉग बॉक्स: टीकिंटर की पायसाइड6?

वणी-पांढरकवड्याकडच्या एखाद्या जिनिंगसाठी पायथनमध्ये कापूस खरेदीची पावती करायची, तर निम्मं काम डायलॉग बॉक्सचंच, म्हणजे माहिती विचारणाऱ्या छोट्या खिडक्यांचं: नाव, वजन, ओलावा, कपात. त्यासाठी टीकिंटर वापरायचं की पायसाइड6 (दोन्ही पायथनमध्ये खिडक्या बनवायची साधनं), हे आधी काट्यावरचा संगणक पाहून ठरवा. विंडोज 7 असेल तर प्रश्नच मिटला. पायसाइड6 ला विंडोज 10 लागतं, पायथन 3.8 आणि त्यासोबतच येणारं टीकिंटर तिथे चालतं. शिवाय पायसाइड6 उतरवायला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शंभराहून बरेच जास्त एमबी जातात.

एखादा आकडा विचारायला टीकिंटरचं आस्कफ्लोट पुरतं, पण तिथे हमखास एक घोटाळा होतो. ओलावा 8 टक्क्यांच्या आत असला की कपात 0. ऑपरेटर 0 टाकून ओके करतो, कोडमध्ये मात्र ‘इफ नॉट कपात’ लिहिलेलं असतं. त्या तपासणीत 0.0 आणि रद्द केल्यावर मिळणारा ‘नन’ (म्हणजे काहीच उत्तर नाही) यांत फरकच उरत नाही, आणि पावती अडते. ‘इज नन’ असंच तपासा. पायसाइड6 मध्ये क्यूइनपुटडायलॉगचं गेटडबल आकडा वेगळा देतं आणि ओके दाबलं की नाही ते वेगळं, म्हणून ही चूक सहसा होत नाही. पण त्यात दशांशस्थळ मुळात एकच असतं. 12.45 क्विंटल टाकताच येत नाही, आणि शेतकऱ्याचे 5 किलो असे गेलेले चालणार नाहीत. डेसिमल्स 2 कराच.

चार रकान्यांची स्वतःची खिडकी हवी असेल, तर टीकिंटरच्या टॉपलेव्हलला ट्रान्झियंट (खिडकी मुख्य खिडकीच्या वर ठेवतं), ग्रॅब_सेट (बाकी खिडक्यांवर क्लिक होऊ देत नाही), वेट_विंडो (खिडकी बंद होईपर्यंत थांबतं) हे सगळं आपणच लावायचं. ट्रान्झियंट विसरलं तर खिडकी मागे दडते आणि ऑपरेटरला वाटतं, संगणक अडकला. लिनक्सवर खिडकी दिसण्याआधी ग्रॅब_सेट केलं तर एरर येते. त्याआधी वेट_व्हिजिबिलिटी लावा, ते खिडकी दिसेपर्यंत थांबतं. पायसाइड6 मध्ये क्यूडायलॉगला मुख्य खिडकी पॅरेंट म्हणून द्या आणि एक्झेक बोलवा, बस. फक्त बटनबॉक्सचे (ओके-रद्द बटनांच्या पट्टीचे) ॲक्सेप्टेड-रिजेक्टेड सिग्नल जोडायचे राहिले, तर ओके दाबूनही काही होत नाही.

लिनक्सवर मराठी लेबलं हवी असतील, तर पायसाइड6 च घ्यावं. टीकिंटर ज्यावर चालतं ते टीके 8.6 तिथे जोडाक्षरं तोडतं, ‘किलो’ची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते.

प्रोग्राम विकणार असाल आणि पायसाइड6 ऐवजी त्याच्यासारखंच पायक्यूटी6 घेणार असाल, तर त्याचा परवाना आधी वाचा: जीपीएल (आपला कोडही खुला ठेवायची अट), नाहीतर पैसे मोजून. पायसाइड6 एलजीपीएल या त्याहून सैल परवान्याखाली मिळतं.