ठोकलेली गाडी गळ्यात पडली: ठेवायची, परत द्यायची की भांडायचं?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या अलाइनमेंटच्या दुकानात गाडी वर उचलली, कारागिराने डाव्या चाकाच्या आत टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. उजव्या बाजूच्या एप्रनवर, म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूच्या पत्र्यावर, कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके होते, सगळे एकसारख्या अंतरावर. डावीकडे ठिपके नव्हतेच. तिथे हाताने मारलेल्या वेल्डिंगची ओबडधोबड रेघ होती आणि तिच्यावर बोटाने फासलेलं सीलंट. बोट फिरवल्याच्या खुणासुद्धा तशाच वाळल्या होत्या. "दादा, ही पुढून डावीकडे जोरात ठोकलीय. मार चेसिसपर्यंत गेलाय," तो म्हणाला. गाडी घेऊन पाचवा आठवडा चालू होता. घोडबंदर रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून "नॉन-ॲक्सिडेंटल आहे", म्हणजे कधी ठोकलेली नाही, या शब्दावर चार लाख साठ हजारांना घेतली होती.

त्याच पावसाळ्यात खारघरच्या माझ्या मामेभावाच्या गाडीला क्वार्टर पॅनलवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या बॉडीच्या पत्र्यावर, रंगाचे फुगे आले. त्याने नेरुळच्या एका गृहस्थांकडून, थेट मालकाकडून, गाडी घेतली होती. फुगा खरवडला तर आत लांबी, म्हणजे पुट्टी. लोहचुंबक तिथे धरेना. डेंटिंगवाल्याकडच्या रंगाची जाडी मोजायच्या मीटरवर छताचा रंग ११० मायक्रॉन आणि त्या पॅनलचा ७०० च्या वर निघाला. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या घरात असतो.

फसलो दोघंही. मी गाडी परत केली, त्याने ठेवली. आज कोणी माझ्यासारखं अडकलं असेल तर या दोन गाड्या शेजारी-शेजारी ठेवून विचार करावा, कारण राग दोघांना सारखाच आला होता, पण गाड्या सारख्या नव्हत्या.

आधी बघायचं ते हे की मार कातडीला लागलाय की हाडाला. दरवाजा, बोनेट, बंपर, फेंडर ही कातडी. ती बदलता येते, रंगवता येते, गाडीच्या जिवाला धक्का नसतो. क्वार्टर पॅनल कापून जोडलं असेल तर तो मामला मधला. भावाचं फक्त ठोकून सरळ केलं होतं, कापलं नव्हतं. पण पुढचे एप्रन, त्यांच्याखालचे लांब मेंबर (आधाराच्या तुळया), दरवाजांमधले पिलर, दरवाजांखालचे रनिंग बोर्ड ही हाडं. बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चेसिस नसतेच, बॉडी हाच सांगाडा. टक्कर झाली की पुढचा भाग ठरलेल्या पद्धतीने चुरगळून धक्का पोटात घेतो आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. एकदा चुरगळून, ओढून, गॅस वेल्डिंगने जोडलेलं लोखंड दुसऱ्यांदा तसंच वागेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. जास्त ताकदीच्या पोलादाला उष्णता लागली की त्याची ताकद उतरते.

माझ्या गाडीत आणखी एक गोष्ट निघाली, ती सांगताना अजून अंगावर काटा येतो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. माझ्याकडे तो कधी पेटलाच नव्हता. दिवा नाही म्हणजे बिघाड नाही, असं मी समजत होतो. कारागिराने मीटरचं पॅनल काढलं तर दिवाच निकामी केलेला. पाच आठवडे माझी मुलगी पुढच्या सीटवर बसून कॉलेजला जात होती. ज्याची गाडी अशी निघेल त्याने हिशेब नंतर करावा, आधी ती उभी करावी.

गाडी उभी करायला कायद्याचंही कारण आहे. दोष कळल्यावरही गाडी वापरत राहिलात, वाजवी वेळेत विक्रेत्याला नकार कळवला नाहीत, तर माल तुम्ही स्वीकारला असं १९३० चा मालविक्री कायदा धरतो. मग भरपाई मागता येते, पण गाडी परत करायचा हक्क निसटतो. मी त्याच संध्याकाळी डीलरला व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्ही पाठवले, फोटोंसकट. भावाने कळवलं दोन महिन्यांनी, आणि त्याच्याकडे तो रस्ता जवळपास बंद झाला होता.

डीलर की मालक

इथे दोघांचे मार्ग पूर्ण वेगळे झाले. डीलर धंदा करतो, म्हणून त्याच्याविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येतं. स्वतःची एक गाडी विकणारा माणूस व्यापारी नाही, त्याला आयोगात खेचता येत नाही. त्याच्यासाठी दिवाणी कोर्ट किंवा सरळ फसवणूक दिसत असेल तर पोलीस. मध्ये कमिशन घेणारा एजंट असेल तर त्याच्या सेवेबद्दल मात्र आयोगाकडे तक्रार करता येते. भावाच्या व्यवहारात एजंट नव्हता.

माझा डीलर आधी म्हणाला, "आम्ही फक्त मध्ये आहोत, मालक वेगळा आहे." पण पावती त्याच्या जीएसटी नंबरवर होती, पैसे त्याच्याच खात्यात गेले होते. जुन्या गाड्यांच्या डीलरनी आरटीओकडून अधिकृतता घ्यायची असा नियमही १ एप्रिल २०२३ पासून आहे. मग त्याने डिलिव्हरी नोट काढली: "गाडी जशी आहे तशी स्वीकारली", खाली माझी सही. या ओळीला बरेच जण घाबरतात. तिने झीज आणि बारीकसारीक दुरुस्त्या झाकल्या जातात. जाणूनबुजून लपवलेलं मात्र झाकलं जात नाही, १८७२ चा करार कायदा त्याला फसवणूकच म्हणतो. आणि "एकदम नॉन-ॲक्सिडेंटल" हा त्याच्या माणसाचा मेसेज माझ्या फोनमध्ये होता.

भावाकडे असं काही लिहिलेलं नव्हतं. "छोटं काम झालंय मागे," असं त्या गृहस्थांनी तोंडी सांगितलं होतं, हे त्यानेच नंतर कबूल केलं. शिवाय साध्या चौकशीत कळण्यासारखी गोष्ट निव्वळ गप्प राहून लपवली असेल तर करार रद्द करणं अवघड. चुंबक लावून बघण्याइतकी चौकशी त्याने केली नव्हती. वकिलाची फी पॅनलच्या कामाहून जास्त झाली असती. त्याने गृहस्थांना फोन केला, शांतपणे बोलला, त्यांनी आठ हजार रुपये दिले आणि पॅनल नीट करून झालं. रंगाचं काम पंधरा हजारांचं. गाडी आजही पाम बीच रोडने रोज धावते.

आयोग की तडजोड

माझ्यापुढे दोन्ही होते. जिल्हा आयोगात पन्नास लाखांपर्यंतचे व्यवहार जातात, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वाशी, नेरुळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडात, म्हणजे अलिबागचा आयोग. नवी मुंबईतले पुष्कळ लोक इथे गोंधळतात. त्याआधी १९१५ या नंबरच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की बरेच विक्रेते बोलायला तयार होतात. माझा डीलरही तेव्हाच तयार झाला.

आयोगाने निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. तेवढा काळ गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी, हप्ता चालू, विमा चालू. पूर्ण रक्कम आणि वर मनस्तापाची भरपाई मिळण्याची शक्यता एकीकडे, आणि दुसरीकडे डीलरने देऊ केलेले चार लाख चाळीस हजार. मी तडजोड घेतली. ज्याला दुसरी गाडी घ्यायची घाई नाही आणि ज्याच्याकडे लेखी आश्वासन आहे त्याने लढावं, असं मला मनापासून वाटतं. माझ्या मुलीचं कॉलेज चालू होतं.

दोन्हीसाठी एक खर्च मात्र करावाच लागतो: तपासणीचा लेखी रिपोर्ट. अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा मोटार सर्व्हेअर, त्यांच्या लेटरहेडवर, चेसिस नंबर आणि फोटोंसह. गल्लीतल्या मेकॅनिकचं तोंडी मत कितीही खरं असलं तरी डीलर ते उडवून लावतो. सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी जॉब कार्डं, म्हणजे आधी झालेल्या कामांच्या नोंदी, मागा. जुनी विमा पॉलिसी मिळाली तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, बघा: सहा वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर आदल्या वर्षी क्लेम झाला असण्याची शंका घ्यावी. माझ्या गाडीचा शून्य होता. पन्नास टक्के असला तरी निर्धास्त राहू नका, रोखीने केलेलं काम विम्यात दिसत नाही. परिवहनच्या ॲपवर मालक कितवा ते कळतं, अपघात कळत नाही.

आणि चौथा रस्ता

"गप्प बसून विकून टाक," असं मला निदान पाच जणांनी सांगितलं. एक्स्चेंजमध्ये द्यावी तर त्यांचा माणूस मीटर घेऊनच येतो, किंमत पाडतो. खाजगीत न सांगता विकली तर आपण त्या डीलरच्याच जागी उभे राहतो, कायद्यानेही. सगळं लिहून देऊन, कमी किमतीत विकणं हा सरळ मार्ग आहे, पण तो कातडीच्या माराला ठीक. हाड मोडलेली, एअरबॅग गेलेली गाडी सांगून विकली तरी ती कोणाच्या तरी पोराबाळांना घेऊन रस्त्यावर फिरणारच.

आरसी माझ्या नावावर झाली होती, म्हणून परत देताना मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पुन्हा भरावे लागले. करारनाम्यात मी एक ओळ हट्टाने घालून घेतली: डावा एप्रन वेल्ड केलेला आहे आणि एअरबॅग तपासावी लागेल, हे विक्रेत्याला माहीत आहे. डीलरने सही करायला अर्धा तास लावला. गाडी आज कोणाकडे आहे ते मला माहीत नाही. जुन्या कागदांवरून माझं नाव सापडून कोणी फोन केला, तर तो रिपोर्ट आणि ती ओळ दोन्ही माझ्या कपाटात आहेत.