सीतेच्या आसवांसाठी चाळीसची मायक्रो

पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या बाजूला सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, गेलात तर खाली बघून चाला. सीतेची आसवं इतकी दाट उगवलेली असतात की पाय कुठं ठेवायचा कळत नाही, आणि एकेक फूल शेंगदाण्याच्या दाण्याएवढं. ह्या फुलांसाठीच मी निकॉनची ४० एमएम एफ २.८ डीएक्स मायक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स घेतली, बेळगावात, सेकंडहँड. तीन पावसाळे वापरतोय.

ही लेन्स आली २०११ मध्ये. वजन २३५ ग्रॅम. छत्री, रेनकोट आणि डबा घेऊन जांबोटीची बस धरणाऱ्याला ह्याचं मोल विचारा! आकार लहान असला तरी मॅक्रो पुरती आहे, एकास एक: वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढीच उमटते. म्हणजे साधारण २४ बाय १६ मिलिमीटरचा तुकडा अख्खी फ्रेम भरतो.

गेल्या सप्टेंबरात दवबिंदू ह्या किडेखाऊ वनस्पतीचं रोपटं सापडलं, वीतभरही नाही. पानावरच्या लाल केसांच्या टोकाशी चिकट थेंब, त्यात एक बारीक चिलट अडकलेलं, त्याचा एक पाय अजून हलत होता. ओल्या जांभ्यावर कोपर टेकून पालथा पडलो, लेन्सचं छिद्र बारीक करून एफ ११ लावला आणि ऑटोफोकस बंद केला. इतक्या जवळून रिंग फिरवत बसण्यापेक्षा आपणच केसभर पुढं-मागं सरकावं. घरी येऊन फोटो मोठा करून बघितला तर थेंबाथेंबात जग उलटं: आभाळ खाली, गवत वर. दवबिंदू मी लहानपणापासून बघतोय, पण हे कधीच दिसलं नव्हतं.

आता खरी अडचण. एकास एकला लेन्सचं तोंड आणि फूल ह्यांत जेमतेम साडेतीन सेंटिमीटर उरतात. फूल जागचं हलत नाही, पण चतुर उडतो, बेडूक उडी मारतो. शिवाय लेन्सचीच सावली फुलावर पडते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला तर ती आणखी गडद, म्हणून मी बाजूला पांढरा पुठ्ठा धरतो. व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय, नाही, त्यामुळं ढगाळ दिवशी हात टेकायला काहीतरी लागतंच. आंबोलीला बेडूक टिपायला जाणार असाल तर ही घेऊ नका, निकॉनचीच १०५ एमएमची मायक्रो घ्या. ती पाऊण किलोच्या आसपास आहे, पण जनावरापासून लांब राहता येतं.

फुलं, शेवाळ, अळंबी, घरातल्या आजीच्या नथीचे मोती, एवढ्यासाठी मात्र हीच. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला ही पुरत नाही, कडा काळ्या येतात.

जुनी घेताना फोकस अगदी जवळ आणा. नळी पुढं येते, तेव्हा टॉर्च मारून आत बघा. आपल्या खानापूरच्या ओलीत बुरशी धरायला वेळ लागत नाही. मी लेन्स झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो आणि पुड्या दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर सुकवून घेतो.