बस्त्याला बेळगावला जाताना कुत्रा गाडीत की घरी?

एप्रिल-मेमध्ये चिकोडी, निपाणी, अथणीकडून लोक बस्ता बांधायला बेळगावला येतात. खडेबाजारात साड्या उलगडायला लागल्या की दहा मिनिटांचे दोन तास होतात. म्हणून कुत्र्याची सोय दोन तासांच्या हिशेबाने ठरवा.

काच चार बोटं खाली करून गाडी सावलीत लावणं सोपं वाटतं, पण सगळ्यांत घातक तेच. बाहेर ३५ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत साधारण ४६ आणि अर्ध्या तासात ५४ अंश होतात. काचेतून आलेलं ऊन सीट आणि डॅशबोर्ड तापवतं, ती धग आतच कोंडते. काचेच्या फटीने फारसा फरक पडत नाही. सावली तर सरकतेच. वळवाआधीचं ढगाळ, कुंद आभाळ जास्तच फसवं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. अंग निववायला तो धापा टाकतो. कोंडलेल्या गाडीत त्या धापांनीच हवा दमट होते, जिभेवरची ओल सुकेनाशी होते आणि त्याचा एकमेव उपाय संपतो. पाण्याची वाटी ठेवूनही हे टळत नाही. पग, शित्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना धोका आणखी लवकर. मुधोळ हाउंड या भागातल्या उन्हात वाढलेला असला तरी त्यालाही सूट नाही.

एसी चालू ठेवून गाडी लॉक करणं बरं वाटतं. पण इंजिन बंद पडलं, कॉम्प्रेसर थांबला किंवा कुत्र्याचा पाय बटणावर पडला, तर तुम्हाला दुकानात कळणार कसं? काही कीलेस गाड्या ठरावीक वेळाने इंजिन आपोआप बंद करतात. शिवाय चालकाच्या सीटवर लायसन्सधारक नसताना सार्वजनिक जागी गाडी चालू ठेवणं मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १२६ मध्ये बसत नाही. चालवता येणारा माणूस आत बसणार असेल, तरच एसी धरा.

घरचं एक माणूस कुत्र्याला घेऊन झाडाखाली थांबणार असेल तर चालेल. आधी डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. चटका बसला तर पंजेही भाजतील.

घर मात्र पहिली पसंती. तळमजल्याची किंवा कौलारू खोली, समोरासमोर उघड्या खिडक्या (करंट गेला की पंख्याचा भरवसा नाही), पाण्याची दोन जड भांडी. पत्र्याची शेड आणि गच्ची नको. साखळीही नको, सावली सरकली की तो उन्हात अडकतो. शेजाऱ्यांना मध्ये एकदा डोकवायला सांगा.

तरीही जोराची धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, झोकांड्या दिसल्या तर लगेच सावलीत घ्या, नळाचं पाणी अंगभर ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, खाली ऊब साठते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश, ४१च्या वर जिवावरचं. थर्मामीटर ३९.५ दाखवू लागला की पाणी थांबवा. तो उठून चालला तरी त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, कारण मूत्रपिंड आणि यकृताची इजा पुढच्या एक-दोन दिवसांत वर येते.