उजवा हात, डावा डोळा: क्यू हनुवटीच्या मधोमध ठेवायचा की डोळ्याखाली?

स्नूकर (क्यू नावाच्या काठीनं पांढरा बॉल मारून दुसरा बॉल पॉकेटात पाडायचा खेळ) वर्ष-दीड वर्ष खेळून झालं, जवळचे पॉट, म्हणजे बॉल पॉकेटात पाडणारे शॉट, बसायला लागले, पण लांबचा सरळ पॉट दर वेळी एकाच बाजूला चुकतोय, अशा माणसासाठी हे लिहितोय. दोन्ही बाजूंना चुकत असाल तर आधी हात सुधारा, डोळ्यांच्या भानगडीत पडू नका. एकाच बाजूला चुकत असाल तर पुढे वाचा. माझा हात उजवा आणि वरचढ डोळा डावा, त्यामुळे यातले जवळपास सगळे प्रकार मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका क्लबात स्वतःवर करून बसलोय.

वरचढ डोळा म्हणजे जास्त नंबरचा किंवा कमी नंबरचा डोळा नव्हे. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि नेम धरताना मेंदू त्यातल्या एकाचं जास्त ऐकतो. साधारण दोन-तृतीयांश लोकांचा उजवा डोळा वरचढ असतो. घरची चाचणी सगळ्यांना माहीत आहे: दोन्ही पंजे जुळवून मध्ये छोटी खिडकी करायची, न्यू पॅलेसच्या मनोऱ्यावरच्या घड्याळासारखं लांबचं काहीतरी त्यात पकडायचं आणि एकेक डोळा मिटायचा. जो मिटल्यावर घड्याळ खिडकीतून निसटतं, तो वरचढ.

पण ही चाचणी तुम्ही उभं राहून, समोर बघत करता. टेबलावर मान खाली आणि नजर भुवयांखालून वर असते, आणि नजरेची दिशा बदलली की काहींचा वरचढ डोळाही बदलतो. म्हणून दुसरी चाचणी शॉटवर वाकूनच करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या बॉलवर नजर रोखा आणि क्यूकडे न बघता त्याची जाणीव ठेवा. क्यू एक नाही, दोन दिसतील. उजवीकडचा क्यू डाव्या डोळ्याला दिसलेला असतो आणि डावीकडचा उजव्या डोळ्याला. एक ठसठशीत आणि दुसरा भुतासारखा फिका असेल तर वरचढपणा जोरदार आहे. दोन्ही सारखेच फिके असतील तर तुमचे डोळे समसमान आहेत. मग मधोमध खेळा, एवढं डोकं खाऊ नका.

आता मुख्य दोन पर्याय.

पहिला, क्यू हनुवटीच्या मध्यावर. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि त्याला कारण आहे. दोन्ही डोळे क्यूपासून सारख्या अंतरावर, मान सरळ, खांदा-कोपर-मनगट एका रेषेत यायला जागा मोकळी. सगळ्यात मोठी सोय म्हणजे दर शॉटला तीच जागा सापडते. हनुवटीचा मध्य चाचपडावा लागत नाही. तोटा वरचढ डोळा जोरदार असणाऱ्यांना होतो. दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा सेंटिमीटर अंतर धरा, म्हणजे तो डोळा क्यूच्या रेषेपासून तीनेक सेंटिमीटर बाजूला. तिथून रेष सरळच दिसते, पण तिरकस येताना दिसते. व्हाइटचा मध्यही जरा सरकल्यासारखा वाटतो, आणि न मागता साइड, म्हणजे बॉलला आडवी फिरकी, लागते.

तेवढ्यानं काय होतं? बॉलचा व्यास 52.5 मिलिमीटर. टेबलाच्या मध्यावरचा ब्लू कोपऱ्यातल्या पॉकेटपासून जवळपास दोन मीटर. सरळ शॉटवर व्हाइट ब्लूला फक्त तीन मिलिमीटर बाजूला लागला, तर पॉकेटपाशी पोचेपर्यंत ब्लू अकरा सेंटिमीटर भरकटतो. पॉकेटचं तोंड जेमतेम साडेतीन इंच, म्हणजे नऊ सेंटिमीटरच्या आत. तीन मिलिमीटर म्हणजे चार क्रेडिट कार्डांच्या जाडीएवढं.

दुसरा पर्याय, क्यू थेट वरचढ डोळ्याखाली. याचा दाखला म्हणून सगळे जो डेव्हिसचं नाव घेतात. 1927 पासून 1946 पर्यंत जागतिक विजेतेपदाच्या पहिल्या पंधराही स्पर्धा जिंकलेला माणूस, 1955 मध्ये 147 चा (एका खेपेत सलग 147 गुणांचा) पहिला अधिकृत ब्रेक त्याचाच, आणि त्याचा क्यू डाव्या डोळ्याखालून जायचा. मीही त्याच्याच नावानं दोन महिने क्यू पूर्ण डाव्या डोळ्याखाली नेला. एक गोष्ट मात्र सोयीस्कर विसरलो: डेव्हिसच्या उजव्या डोळ्याची नजरच अधू होती. त्याच्यापुढे निवड नव्हती. माझे दोन्ही डोळे धड आहेत.

इथे हात कुठला, यानं सगळा फरक पडतो आणि सल्ले देणारे नेमकं तेच गाळतात. हात उजवा, डोळाही उजवा असेल तर डोकं जरा डावीकडे जातं, क्यू हनुवटीच्या उजव्या अंगाला येतो आणि हाताला उलट जास्त मोकळीक मिळते. अशा माणसानं बिनधास्त सरकावं. पण हात उजवा आणि डोळा डावा असेल तर डोकं उजवीकडे, म्हणजे हात हलवायच्या जागेवरच येतं. क्यू छातीच्या डाव्या अंगाकडे ढकलला जातो, आणि मग एक तर कोपर बाहेर फाकतं किंवा मनगट आत वळतं. नजर सुधारते आणि हात बिघडतो.

माझं तेच झालं होतं. आमच्या क्लबातले मार्कर (गुण मांडणारे) काका एका संध्याकाळी हातात चॉक घोळवत पॉकेटच्या मागे, बरोबर माझ्या रेषेत येऊन उभे राहिले. मी वाकलो, ब्लू चुकवला. ते म्हणाले, "आधी काठी सरळ हुती, मुंडकं वाकडं हुतं. आता मुंडकं सरळ केलंस, काठी वाकडी झाली. पैलवानाला पवित्रा बदलायचा तर पायापासनं बदलावा लागतो, भावा." खरंच होतं ते. मी फक्त मान सरकवली होती, पाय जुन्याच जागी. उजवा पाय शॉटच्या रेषेपासून चार बोटं बाहेर घेतला, कमरेतून जरा जास्त समोर वळलो, तेव्हा कुठे कोपराला वाट मिळाली.

कोल्हापुरात हा विषय निघाला की कोणीतरी नेमबाजीचं उदाहरण देतंच. द्यावंच. 2010 ला म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून नेम धरायच्या प्रकारात) जागतिक विजेती ठरलेली तेजस्विनी सावंत इथली, 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं) कांस्य आणणारा स्वप्नील कुसाळे आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पण रायफल सांगते त्यातलं अर्धंच स्नूकरला लागू पडतं. रायफलवर नेमाची साइट एका डोळ्यासमोर बसवलेली असते. लक्ष्याचं अंतर ठरलेलं, मधलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं आणि जागचं न हलणारं. म्हणून दुसऱ्या डोळ्यासमोर झापड लावून काम भागतं. डोळा मिटून घेण्यापेक्षा झाकतात, कारण मिटलेल्या डोळ्याचा ताण उघड्या डोळ्यावरही येतो. टेबलावर मात्र कट (बॉलला मध्यावर न मारता बाजूला मारणं) किती पातळ घ्यायचा, बॉल किती लांब आहे, हे दर शॉटला नव्यानं जोखायचं असतं आणि त्याला दोन्ही डोळे लागतात. त्यामुळे एक डोळा मिटून खेळणं हा पर्याय मी बादच करतो. सरळ शॉटवर चार दिवस फायदा वाटेल, कट शॉटवर व्याजासकट परत जाईल.

हात बदलायचा सल्लाही नेमबाजीतूनच येतो. तिथे बंदूक दुसऱ्या खांद्यावर घेणं चालतं, कारण नळी डोळ्याखालून हलवता येत नाही. क्यू हलवता येतो. डावखुरं व्हायला निघालेला एक दोस्त अजून ब्रिजचा, म्हणजे क्यूला पुढून आधार देणारा, हात कुठला यात अडकलाय.

चष्मेवाल्यांनी एक काम आधी करावं. मी महिनाभर डाव्या डोळ्याला शिव्या घातल्या आणि दोष निघाला नव्या प्रोग्रेसिव्ह (लांबचा आणि जवळचा नंबर एकत्र असलेल्या) भिंगांचा. दुकानदारानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वाकल्यावर आपण भिंगाच्या अगदी वरच्या काठातून बघतो आणि तिथे रेषा वाकड्या होतात. डेनिस टेलर 1985 च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या ब्लॅकवर 18-17 हरवताना जो अवाढव्य चष्मा घालून होता, तो याचसाठी तसा उंच बनवलेला. खेळासाठी एकाच नंबरचा, उंच फ्रेमचा वेगळा चष्मा करून घ्या, मग वरचढ डोळ्याचा विचार करा.

निवड करताना मी हे करायला सांगेन. ब्राउनच्या स्पॉटवर (त्या बॉलच्या ठरलेल्या खुणेवर) व्हाइट ठेवा, ब्लू, पिंक, ब्लॅकच्या स्पॉटवरून सरळ वर मारा आणि परत टिपवर, म्हणजे क्यूच्या टोकावर, येतो का बघा. निघतानाच रेष सोडली तर नजर चुकतेय. वर सरळ गेला आणि टेबलाच्या कडेच्या कुशनवरून परतताना फाकला तर साइड लागतेय. दहा शॉट क्यू मधोमध ठेवून, दहा डोळ्याखाली, दहा त्यांच्या मध्ये कुठेतरी. किती बसले हे मोजू नका, कुठल्या बाजूला चुकले ते वहीत लिहा. आणि समोरून कोणाला तरी मोबाइलवर शूटिंग करायला लावा. हनुवटी कुठे टेकते याबद्दल आपण स्वतःशी सर्रास खोटं बोलतो.

एक डोळा खरोखर अधू असेल तर चांगल्या डोळ्याखाली पूर्ण जा, पाय त्याप्रमाणे बदला आणि दोन-तीन महिने हरायची तयारी ठेवा. हात-डोळा एकाच बाजूचे असतील तर थोडं सरका, फुकटचा फायदा आहे. आणि माझ्यासारखी उलटी जोडी असेल, दोन्ही डोळे धड असतील, तर अर्ध्या वाटेवर थांबा. माझा क्यू आता हनुवटीच्या मध्यापासून बोटभर डावीकडे टेकतो. फ्रेम (एक डाव) लांबली की तिथे लालसर रेघ उमटते, आणि ती मधोमध उमटलेली दिसली की त्या दिवशी मी का हरलो ते आरशातच कळतं.